हाताशी जुळलेले हत्यार: गोल्फमधील टिकाऊ श्रेष्ठत्व आणि जुन्या क्लबांवरील निष्ठा

गेल्या शंभर वर्षांत गोल्फच्या साधनांमध्ये जेवढे बदल झाले, तेवढे फार थोड्या खेळांच्या वाट्याला आले असतील. हिकरी नावाच्या चिवट लाकडाच्या दांड्यांची जागा आधी पोलादाने आणि पुढे कार्बनच्या तंतूंपासून बनणाऱ्या हलक्या ग्रॅफाइटने घेतली. पर्सिमन या टणक लाकडातून कोरलेली क्लबची डोकी जाऊन टायटॅनियमची पोकळ डोकी आली. रबराचा दोरा गुंडाळून केलेला चेंडू मागे पडून भरीव गाभ्याचा चेंडू रूढ झाला. आणि हे घडत असताना साधने विकणाऱ्या कंपन्यांनी नवा क्लब म्हणजे सुधारलेला खेळ, हे समीकरण ग्राहकाच्या मनावर हंगामामागून हंगाम ठसवले. तरीही याच काळातील थोर मानल्या गेलेल्या अनेक खेळाडूंच्या पिशवीत निदान एक क्लब असा आढळतो, की जो त्यांनी वर्षानुवर्षे हातातून सोडला नाही. ही निष्ठा केवळ हळवेपणातून आली, की दीर्घकाळ टिकणाऱ्या श्रेष्ठत्वाशी तिचा काही कार्यकारणसंबंध आहे, हा प्रश्न खेळाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

पिशवीतील चौदा आणि त्यांतील एक

चेंडू मारण्याच्या काठीला गोल्फमध्ये क्लब म्हणतात आणि एका फेरीसाठी खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेच्या नियामक संस्थेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनमधील संस्थेने १९३९ मध्ये घातली. लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्यासाठी ड्रायव्हर, त्याखालोखाल लांब अंतरासाठी ‘वुड’, मधल्या अंतरांसाठी लोखंडी ‘आयर्न’, जवळून चेंडू उंच उडवण्यासाठी तिरक्या पात्याचा वेज आणि शेवटी बारीक कापलेल्या हिरवळीवरून, म्हणजे ग्रीनवरून, चेंडू घरंगळत भोकात पाडण्यासाठी पटर, अशी ही विभागणी असते. कुशल खेळाडूकडून एखाद्या मैदानावर जितक्या फटक्यांची अपेक्षा असते त्या संख्येला पार म्हणतात, आणि ती ठरवताना प्रत्येक ग्रीनवर पटरचे दोन फटके धरले जातात. अठरा भोकांच्या आणि बहात्तर पारच्या मैदानावर त्यामुळे हिशेबाने निम्मे, म्हणजे छत्तीस फटके एकट्या पटरच्या वाट्याला येतात.

सर्वच क्लब सारखे टिकत नाहीत. वेजच्या पात्यावरील खाचा वाळूने आणि मातीने झिजतात, त्यांची चेंडूला फिरकी देण्याची क्षमता घटते आणि व्यावसायिक खेळाडूला ते वरचेवर बदलावेच लागतात. क्रिकेटची बॅट तर आघातांनी फुटणारच, त्यामुळे फलंदाजाची निष्ठा एका बॅटवर नसून तिच्या वजनावर आणि घडणीवर असते. पटरला मात्र हलकासाच धक्का द्यायचा असल्याने तो दशकानुदशके चालू शकतो, आणि त्याच्या कामात ताकदीपेक्षा अंतराचा अंदाज, पात्याची दिशा आणि तळहाताला जाणवणारा स्पर्श यांचे मोल अधिक असते. जुन्या क्लबांवरील निष्ठेच्या कथा बहुतांशी पटरच्याच कथा का आहेत, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

जोन्स आणि लॉक: हिकरीचा काळ

अमेरिकेतील अटलांटा येथे १९०२ मध्ये जन्मलेले बॉबी जोन्स आयुष्यभर हौशी खेळाडू राहिले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या काळी सर्वोच्च समजल्या जाणाऱ्या तेरा अजिंक्यपद स्पर्धा जिंकल्या. १९२३ च्या यूएस ओपनपूर्वी ‘कॅलॅमिटी जेन’ या नावाचा एक जुना पटर त्यांच्या हाती आला, आणि ती स्पर्धा जिंकून त्यांनी आपले पहिले मोठे यश मिळवले. बारीक पात्याच्या या पटरचा हिकरीचा दांडा तडकलेला असून तो दोऱ्याने बांधून सावरलेला होता. त्याच्या पात्याला सुमारे आठ अंशांचा तिरकेपणा होता. आजच्या पटरपेक्षा तो बराच जास्त असला, तरी त्या काळातील ग्रीनवरचे गवत अधिक वाढलेले असल्याने चेंडू आधी किंचित उचलला जाऊन मग घरंगळणे सोयीचे पडे. गंज काढण्यासाठी सतत घासल्यामुळे हे पाते पुढे सपाट राहिले नाही, तेव्हा जोन्स यांनी वेगळ्या घडणीचा पटर न शोधता त्याच पटरची प्रतिकृती करवून घेतली आणि उरलेल्या दहा विजेतेपदांत तीच वापरली. त्यांची निष्ठा विशिष्ट धातूच्या तुकड्यावर नसून त्या तुकड्याने हाताला लावलेल्या सवयीवर होती, हे यावरून दिसते.

पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या मध्यात आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली होती. तरीही १९३० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्या खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकण्याचा अपूर्व पराक्रम जोन्स यांनी हिकरीच्या दांड्यांनीच केला. हिकरी पिळवटते आणि प्रत्येक दांड्याची लवचीकता वेगळी असते, त्यामुळे जुळता संच एकेक क्लब हाताने पारखूनच उभा करावा लागे. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, बिली बर्क यांनी यूएस ओपन पोलादी दांड्यांनी जिंकली आणि हिकरीचे युग ओसरले. स्वतः जोन्स निवृत्तीनंतर स्पॉल्डिंग कंपनीसाठी पोलादी दांड्यांच्या क्लबांची आखणी करू लागले, म्हणजे जुन्याचा आग्रह त्यांनी तत्त्व म्हणून धरला नव्हता. स्पर्धा चालू असेपर्यंत आपल्या हाताची घडी मोडायची नाही, एवढाच तो विवेक होता.

दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक यांचे उदाहरण याहून टोकाचे आहे. त्यांनी १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ अशी चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली, आणि हे सारे पोलादी दांडे सर्वत्र रूढ झाल्यानंतरच्या काळात हिकरीच्या दांड्याच्या, गंजक्या डोक्याच्या जुन्या पटरने केले. त्यांची पटर फिरवण्याची शैलीही रूढ शिकवणुकीपेक्षा वेगळी होती, तरी त्यांच्या पिढीतील सर्वोत्तम पटिंग करणाऱ्यांत त्यांची गणना होते. साधन आणि शैली एकमेकांना बांधलेली असताना त्यांतील एक बदलणे म्हणजे दुसरीलाही धक्का देणे, हे त्यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट होते.

निकलस: निष्ठा आणि तिला पडलेले अपवाद

जुन्या क्लबांवरील निष्ठेचा सर्वांत बोधप्रद अध्याय जॅक निकलस यांचा आहे, कारण त्यात निष्ठेइतकेच तिचे अपवादही बोलके आहेत. १९४० मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे जन्मलेल्या निकलस यांनी १९६२ ते १९८६ या चोवीस वर्षांत अठरा ‘मेजर’ स्पर्धा जिंकल्या. मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए अजिंक्यपद या चार स्पर्धांना मेजर म्हणतात, आणि निकलस यांचा अठराचा आकडा आजवर कोणालाही गाठता आलेला नाही. मॅकग्रेगर कंपनीचा टॉमी आर्मर या नावाचा तीन क्रमांकाचा वुड त्यांच्या पिशवीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि तीन दशकांहून अधिक काळ तेथेच राहिला. पटिंगसाठी नावाजलेल्या जॉर्ज लो यांच्या नावाने निघालेला ‘विझार्ड ६००’ हा पटर त्यांनी अठरांपैकी पंधरा मेजर विजयांत वापरला.

उरलेल्या तीन विजयांपैकी १९६२ ची यूएस ओपन कारकिर्दीच्या आरंभीची आहे. १९६७ च्या यूएस ओपनपूर्वी त्यांचे पटिंग बिघडलेले होते, तेव्हा त्यांनी एका परिचिताकडून मागून घेतलेला, चमक टाळण्यासाठी पांढरा रंगवलेला ‘व्हाइट फँग’ नावाचा पटर बाल्टसरॉलच्या मैदानावर वापरला आणि एकूण २७५ फटक्यांत स्पर्धा जिंकून बेन होगन यांचा २७६ चा विक्रम एका फटक्याने मोडला. १९८६ च्या मास्टर्सच्या वेळी ते सेहेचाळीस वर्षांचे होते आणि आधीची सहा वर्षे एकही मेजर त्यांच्या हाती लागली नव्हती. त्या वेळी त्यांनी मॅकग्रेगरचा ‘रिस्पॉन्स झेडटी’ हा अवाढव्य डोक्याचा नवा पटर घेतला, शेवटच्या दिवशी मागची नऊ भोके तीस फटक्यांत आणि पूर्ण फेरी पासष्ट फटक्यांत संपवली, आणि सहावे मास्टर्स जिंकले. पटरचे डोके मोठे असले की वजन मध्यापासून दूर पसरते आणि चेंडू पात्याच्या नेमक्या मध्यावर न लागला तरी पाते कमी फिरते, हा त्यामागचा यांत्रिक लाभ होता. जुने साधन साथ देईनासे झाल्याची खूण ओळखून त्यांनी बदल केला, आणि तसे कारण नसताना वर्षानुवर्षे केला नाही. निष्ठा आणि हट्ट यांतील अंतर ते हेच.

वुड्स: पटर कायम, चेंडू नवा

टायगर वुड्स यांच्या पंधरा मेजर विजयांपैकी १९९७ च्या पहिल्या मास्टर्सचा अपवाद वगळता उरलेले चौदा विजय स्कॉटी कॅमेरॉन या कारागिराच्या ‘न्यूपोर्ट २’ या एकाच पटरने मिळवलेले आहेत. १९९९ पासून त्यांच्या हाती असलेल्या या पटरचा मूळ आकार कार्स्टन सोलहाइम यांनी १९६० च्या दशकात घडवलेल्या ‘पिंग अँसर’ या पटरवरून आलेला आहे. पात्याच्या दोन्ही टोकांना वजन वाटून देण्याची ती रचना इतकी यशस्वी ठरली, की तिच्या आवृत्त्या आजही सर्वत्र दिसतात. ग्रॅफाइट रूढ झाल्यावरही वुड्स यांनी ड्रायव्हरला पोलादी दांडा बराच काळ ठेवला होता.

मात्र २००० च्या मे महिन्यात त्यांनी एक धाडसी बदल केला आणि दोरा गुंडाळलेला चेंडू सोडून नाइकीचा भरीव गाभ्याचा चेंडू स्वीकारला. पुढच्याच महिन्यात पेबल बीचवर त्यांनी यूएस ओपन पंधरा फटक्यांच्या फरकाने जिंकली, आणि व्यावसायिक खेळातून गुंडाळलेला चेंडू त्यानंतर झपाट्याने नाहीसा झाला. ज्या हंगामात चेंडूचे उड्डाण पूर्णपणे बदलले, त्याच हंगामात ग्रीनवरचे साधन जसेच्या तसे ठेवले, ही निवड नीट पाहण्याजोगी आहे: हवेतील उड्डाण मोजता येते, तर पटरची हाताला होणारी जाणीव मोजता येत नाही, म्हणून मोजता येण्याजोग्या जागी प्रयोग करावा आणि जाणिवेच्या जागी सातत्य राखावे, असाच त्याचा अर्थ निघतो.

२०१० मध्ये वुड्स नाइकीच्या पटरकडे वळले. त्या पटरनेही त्यांनी २०१३ मध्ये पाच स्पर्धा जिंकल्या, त्यामुळे जुन्या पटरविना ते हतबल झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; पण त्या काळात मेजर विजेतेपद मिळाले नाही, यात दुखापतींचाही मोठा वाटा होता. पुढे जुन्या पटरकडे आल्यावरही २०१८ च्या उन्हाळ्यात काही आठवडे वेगळा पटर वापरून ते पुन्हा जुन्याकडे परतले, त्याच हंगामाची अखेर टूर चॅम्पियनशिपच्या विजयाने झाली आणि २०१९ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पाचवे मास्टर्स जिंकले. पाठीवरच्या शस्त्रक्रियांनंतर शरीर आणि त्याबरोबर फटका मारण्याची पद्धत बदललेली असताना पटर तोच असणे, हा सवयीचा मोठा आधार होता.

अभाव, योगायोग आणि निवड

या उदाहरणांवरून घाईने नियम बांधणे योग्य नाही. जुना पटर वर्षानुवर्षे बाळगणारे असंख्य सामान्य खेळाडू होऊन गेले आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, तेव्हा निष्ठेमुळे थोरवी येते असे म्हणता येत नाही. शिवाय यश मिळत गेले म्हणूनही साधन बदलले जात नाही, म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले आहेत. भारतातील अनुभव आणखी एक भेद शिकवतो. १८२९ मध्ये स्थापन झालेली रॉयल कलकत्ता ही ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुनी गोल्फ संस्था मानली जाते, आणि तेथील मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र एस. एस. पी. चौरासिया यांनी २००८ ची इंडियन मास्टर्स आणि २०१६ व २०१७ ची इंडियन ओपन जिंकली. त्याआधी १९९१ मध्ये कॅडीचे काम करून पुढे आलेले अली शेर हे इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले होते. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा सहायक, आणि अशा घरांतून आलेल्या खेळाडूला साधनांची निवड सहजासहजी परवडत नाही. अभावामुळे वापरलेले जुने साधन आणि शेकडो पर्याय समोर असताना राखलेले जुने साधन यांना एकच नाव देणे चुकीचे आहे, कारण निष्ठा म्हणण्यासाठी आधी निवडीचे स्वातंत्र्य लागते.

जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांच्या कारकिर्दीत हे सारे धागे एकत्र येतात. पटिंगमध्ये हात अनावर थरथरण्याच्या विकाराने त्रस्त झालेल्या लँगर यांनी पकडी आणि पटर अनेकदा बदलले, अखेर छातीजवळ टेकवण्याचा लांब पटर स्वीकारला आणि मग तो सोडला नाही. २०१६ पासून पटर शरीराला टेकवण्यास नियमाने बंदी आली, तेव्हा त्यांनी तोच लांब पटर शरीरापासून दूर धरून खेळण्याचा सराव केला, आणि २०२३ मध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी यूएस सीनियर ओपन जिंकून पन्नाशीपुढील खेळाडूंच्या मालिकेतील सर्वाधिक, म्हणजे सेहेचाळीस विजयांचा विक्रम केला.

या सर्व कारकिर्दींतून निघणारा निष्कर्ष जुन्याची भलामण करणारा नाही आणि नव्याचा धिक्कार करणाराही नाही. पाच-दहा वर्षे पहिल्या क्रमांकावर राहण्यास प्रतिभा पुरते, पण वीस-तीस वर्षे टिकण्यासाठी खेळाडूला आपल्या खेळातील कोणता भाग विज्ञानाच्या हवाली करायचा आणि कोणता भाग हाताच्या स्मृतीत जपायचा, याचा निर्णय पुन्हा पुन्हा अचूक घ्यावा लागतो. चूक साधनाची की आपली, हे ओळखण्यासाठी दोहोंपैकी एक तरी गोष्ट स्थिर हवी, आणि जुना क्लब ही स्थिर गोष्ट पुरवतो. दर महिन्याला साधन बदलणाऱ्याला आपल्या चुकीचा शोध कधीच पुरता घेता येत नाही. आज साधनांच्या जाहिरातींच्या भडिमारात खेळ शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्यासाठी कर्ज काढून संच घेणाऱ्या पालकांना जोन्स, निकलस आणि वुड्स यांच्याकडून घेण्याजोगा धडा हाच आहे, की क्लब बदलण्याआधी तो बदलण्याचे कारण आपल्याला शब्दांत सांगता आले पाहिजे.