प्रक्षेप ओळखणारा पहारेकरी

कला शाखेच्या विद्यार्थ्याला 'प्रक्षेप' हा शब्द नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशुद्ध पाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. संगणकालाही याच प्रक्षेपाचे भय असते, असे म्हटले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

संगणकात चोरून शिरलेला मनुष्य काही नेतोच असे नाही. पुष्कळदा तो एखादी फाईल बदलून ठेवतो. परवलीचा शब्द तपासणारा प्रोग्रॅमच त्याने बदलला, तर त्याला दार कायमचे उघडे. फाईलची तारीख आणि लांबी पूर्वीसारखी दाखविणे त्याला अवघड नसते. मग बदल ओळखावा कसा?

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम हा विद्यार्थी व प्राध्यापक जीन स्पॅफर्ड यांनी १९९२ साली 'ट्रिपवायर' हा प्रोग्रॅम तयार केला. ट्रिपवायर म्हणजे चोराचा पाय अडखळावा म्हणून ताणलेली तार. त्यातील युक्ती साधी आहे. प्रत्येक फाईलवर ठरावीक गणिती क्रिया करून तिचा ठसा काढायचा, ठशांची यादी जपून ठेवायची आणि वेळोवेळी नवे ठसे काढून तिच्याशी ताडून पाहायचे. आज रूढ असलेल्या 'शा-२५६' या रीतीत फाईल एका ओळीची असो वा हजार पानांची, ठसा ६४ अक्षर-अंकांचाच येतो; पण एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार निराळा होतो. 'एमडी-५' ही जुनी रीत मात्र २००४ साली उघडी पडली. दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा येऊ शकतो, हे चिनी संशोधकांनी दाखवून दिले.

यादी त्याच संगणकात ठेवली तर चोर तीही बदलील. म्हणून ती जिच्यावर पुन्हा लिहिता येत नाही अशा तबकडीवर किंवा दुसऱ्या यंत्रावर ठेवतात. यादी करण्यापूर्वीच प्रक्षेप झाला असेल, तर पहारेकरी त्यालाच मूळ पाठ समजेल!

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. संगणकात अधिकृत दुरुस्त्याही सतत होत असतात आणि त्यांनीही ठसे बदलतात. 'बदल झाला' एवढेच हा पहारेकरी सांगतो. तो योग्य की अयोग्य, हे त्याला कळत नाही. रोजच्या इशाऱ्यांना कंटाळून कोणी ते वाचलेच नाहीत, तर पहारा असून नसल्यासारखाच. कोणती ओवी मूळची आणि कोणती मागाहून घुसडलेली, हा निर्णय एकनाथांना स्वतःच करावा लागला होता. तो भार आजही माणसावरच आहे.