शिंद्यांचं घराणं

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात, किंवा बुलडाणा जिल्ह्यातल्या तशा कोणत्याही मोठ्या गावात, वर्षभर लाउडस्पीकरवर काय वाजतं ते आठवून पाहा. 14 एप्रिलला भीमगीतं, आषाढीच्या सुमारास विठ्ठलाची गाणी, मग गणपती, नवरात्र आणि लग्नसराईतल्या वराती. गल्ली बदलते, झेंड्याचा रंग बदलतो, पण आवाज वारंवार एकाच घरातला असतो: प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, आणि नातू आदर्श. 1988 साली जन्मलेला आदर्श शिंदे आज मराठीतला आघाडीचा लोकप्रिय गायक आहे. त्याची ओळख करून देताना 'शिंदे घराण्याची तिसरी पिढी' असं सहज म्हटलं जातं. माझं म्हणणं असं, की इथला 'घराणं' हा शब्द कौतुकापुरता नाही. किराणा किंवा जयपूर म्हणताना जो अर्थ मनात असतो, त्याच अर्थानं तो इथे घ्यायला हवा.

घराणं म्हणजे आडनाव नव्हे, आवाज लावण्याची रीत. प्रल्हाद शिंदे यांचा गळा कव्वालीच्या मंचावर कसलेला. समोर रात्रभर बसलेला श्रोता, ध्वनिक्षेपकाची बेताची सोय आणि ढोलकीचा दणका. त्यावर मात करून शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. म्हणून स्वर उघडा आणि चढा, उच्चार खणखणीत, आणि ओळीच्या शेवटी शब्द गिळायचा नाही. 'पाऊले चालती पंढरीची वाट' ऐकताना हे नीट कळतं. चाल साधी आहे, हरकती बेतानंच आहेत, पण आवाजात पायी चालून थकलेल्या माणसाची आर्तता आहे. 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तबकडी आणि ग्रामोफोन ज्यांच्या घरी कधी आले नव्हते, त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आला. एसटी स्टँडवरच्या टपरीत, पानाच्या ठेल्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये गाणी वाजू लागली. या नव्या श्रोत्याला आपल्या बोलीतला, आपल्या वस्तीतला गळा हवा होता, आणि तो शिंद्यांच्या घरात तयार होता.

इथे पहिला आक्षेप येतो: आनंद शिंदे यांचं 'नवीन पोपट'. ते गाणं महाराष्ट्रभर गाजलं, आणि त्यातल्या द्व्यर्थामुळे शिष्ट मंडळींनी नाकही मुरडलं. द्व्यर्थ आहेच, तो नाकारायचं कारण नाही. पण लावणीच्या आणि तमाशातल्या वगाच्या परंपरेत दुहेरी अर्थाला जुनी जागा आहे. शाहिरांच्या पोथीत तो सापडला की आपण त्याला अभ्यासाचा विषय करतो, कॅसेटवर ऐकू आला की सवंग म्हणतो. हा दुजाभाव मला मान्य नाही. शिवाय त्याच आनंद शिंद्यांनी आणि मिलिंद यांनी भीमगीतं गावोगाव नेली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी उभी केलेली आंबेडकरी गाण्यांची परंपरा जलशाच्या मंचावरून कॅसेटच्या बाजारात टिकली, त्यात या कुटुंबाचा वाटा फार मोठा आहे. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा, दोघंही 2004 साली गेले. एका समाजाच्या गाण्याचे दोन खांब एकाच वर्षी निखळले. पुढे काय, हा प्रश्न तेव्हा खरोखरच होता.

त्याचं उत्तर आदर्शच्या गाण्यात आहे, आणि दुसरा आक्षेपही तिथेच आहे. त्याला आडनाव आयतं मिळालं, असं म्हणतात. दार आडनावानं उघडलं असेल, पण 2013च्या 'दुनियादारी' चित्रपटातलं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' लक्ष देऊन ऐका. स्टुडिओच्या माइकपुढे आजोबांसारखा आवाज फेकायची गरज नसते, तिथे आदर्श स्वर आवरून धरतो. चढावर जाताना मात्र तोच उघडा, किंचित खरखरीत शिंदेशाही टिपेचा सूर बाहेर येतो. आजोबांची हुबेहूब नक्कल केली असती तर तो प्रल्हाद शिंद्यांची गाणी गाणारा नातू ठरला असता. 'पोश्टर गर्ल' (2016) मधल्या 'आवाज वाढव डीजे'मध्ये वडील आनंद आणि मुलगा आदर्श एकत्र गातात. तिथे दोन पिढ्यांतला फरकही ऐकू येतो, आणि मूळ एकच आहे हेही कळतं. मुळाला धरून वळण बदलणं, याला शास्त्रीय संगीतात आपण घराण्याची वाढ म्हणतो. मग इथे का म्हणायचं नाही? रागदारी नाही म्हणून, असं उत्तर येईल. पण गुरूच्या समोर बसून, ऐकून, साथ करून गळा घडणं ही घराण्याची खरी खूण, आणि ती या घरात तिन्ही पिढ्यांत आहे. प्रतिष्ठेचं माप मात्र आपण कोणाच्या गाण्याला लावलं आणि कोणाच्या नाही, यात जातीचा भाग नाही असं मला म्हणता येत नाही.

शास्त्रीय घराण्यांच्या बंदिशी नोंदवल्या गेल्या, त्यांवर पुस्तकं झाली. या गाण्यांचा आधार मात्र अजून कॅसेटवरचा छापील कागदच आहे. गीतकार, संगीतकार, ढोलकी वाजवणारा यांची नावं त्या कागदावर असतात. तेच गाणं मोबाइलवर फिरू लागलं की ती गळून पडतात. तुमच्या माळ्यावर जुन्या कॅसेटचा खोका असेल तर तो भंगारात देऊ नका. निदान आतल्या कागदांचे फोटो काढून ठेवा.