ग्रुपवर हळद विकायचीय? आधी उत्तर द्या, दर नंतर सांगा

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की बहुतेक माल हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात जातो. पण काही शेतकरी आता घरचीच हळकुंडं दळून, पाकिटं करून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला पाठवतात. दुकानाचं भाडं नाही, मधला माणूस नाही. प्रश्न एकच, गिऱ्हाईक आणायचं कुठून?

मग सोसायटीचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकाचे जे ग्रुप सापडतील तिथं रोज सकाळी एकच मेसेज पडतो : "शुद्ध घरगुती हळद मिळेल, संपर्क करा." लोक वाचत नाहीत. ॲडमिन काढून टाकतो. बऱ्याच जणांनी नंबर रिपोर्ट केला तर व्हॉट्सॲप खातंही बंद करू शकतं. तसं झालं तर जुन्या गिऱ्हाईकांचा संपर्कही तुटतो.

उत्तर असं द्या

समजा ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, "हळदीत भेसळ आहे का, हे घरी कसं ओळखायचं?" इथं "आमच्याकडून घ्या" म्हणणारे दहा जण असतात. तुम्ही माहिती द्या. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चमचाभर हळद टाका आणि न हलवता ठेवा. चांगली हळद खाली बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. त्यासोबत हेही लिहा, की या चाचणीत सगळीच भेसळ कळत नाही, पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. हे शेवटचं वाक्य गाळू नका. त्यानंच लोकांचा विश्वास बसतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "तुमची हळद महाग का?" चिडू नका, हिशोब सांगा. साधारण चार-पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की एक किलो हळकुंड मिळतं. पीक आठ-नऊ महिने रानात असतं. बेणं, काढणीची मजुरी, शिजवणी, पॉलिश, दळण, पाकीट, कुरिअर हे सगळं त्यात धरावं लागतं. शहरातल्या बऱ्याच लोकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

हे पाळा

- आधी प्रश्न नीट वाचा. विचारलंय त्याचंच उत्तर द्या.
- उत्तर ग्रुपवरच पूर्ण द्या. "माहितीसाठी फोन करा" असं अर्धवट सोडू नका.
- शेवटी फक्त नाव, गाव आणि "हळद उत्पादक" एवढंच लिहा. दर कुणी विचारला तरच, तोही त्यांना वेगळा पाठवा.
- दुसऱ्यानं बरोबर सांगितलं असेल तर तसं म्हणा. शेजाऱ्याच्या मालाला नावं ठेवू नका.
- हळद म्हणजे औषधच, अमुक आजार बरा होतो, असले दावे नकोत.
- विक्रीचा मेसेज टाकायचाच असेल तर ॲडमिनला विचारून टाका. काही ग्रुपवर त्यासाठी वार ठरलेला असतो.

पाटी प्रोफाइलवर लावा

उत्तर आवडलं की माणूस तुमच्या नावावर बोट ठेवून बघतोच. तिथं काहीच नसेल तर तो परत फिरतो. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात गावाचा पत्ता, मालाचे फोटो, वजन, दर यांची यादी लावता येते. स्वतःची वेबसाइट असेल तर तिचा पत्ताही तिथंच टाका. म्हणजे प्रत्येक उत्तराखाली लिंक चिकटवायची गरज राहत नाही.

पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, वजन, पॅकिंगची तारीख आणि तुमचं नाव-पत्ता हवा. चोखंदळ गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं, आणि त्या वेळी गप्प बसावं लागलं तर आधीची सगळी चांगली उत्तरं वाया जातात.

पहिल्या आठवड्यात ऑर्डर आली नाही म्हणून सोडून देऊ नका. नवी हळद साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघते. त्याआधीच्या महिन्यांत आठवड्याला दोन-तीन प्रश्नांची नीट उत्तरं दिली, तर माल तयार होईपर्यंत तुमचं नाव लोकांच्या ओळखीचं झालेलं असेल.