उरलेला नट

मशीन डिझाइनच्या पेपरात मी ड्रम ब्रेकची आकृती छान काढतो. पण कागदावरचा ब्रेक आणि गाडीवरचा ब्रेक यात किती अंतर असतं, ते आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला, मामांच्या अंगणात कळलं.

"अबे इंजिनिअर, मागचा ब्रेक लागतच नाही. पाहून दे न बरं!" मामा म्हणाले.

गाडी जुनी, 100 सीसीची. पेडल पूर्ण दाबलं की ब्रेक आर्मवरचा बाण पॅनेलवरच्या खुणेपर्यंत जात होता. म्हणजे लायनर संपले.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घेतली. ब्रेक रॉडचा नट, टॉर्क आर्मचा नट आणि मग एक्सल काढून चाक बाहेर घेतलं. ड्रममध्ये काळी धूळ होती. फुंकर मारणार तोच थांबलो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं; ते फुप्फुसात गेलं की कायमचं नुकसान. ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

शू जोडीनेच बदलायचे. स्प्रिंग अडकवून ते व्ही आकारात धरले आणि कॅमवर दाबून बसवले. कॅमला ग्रीस अगदी थोडं. लायनरला लागलं तर ब्रेक गेलाच समजा.

सगळं जोडलं. मामा किल्ली घेऊन निघालेच, आणि गोणपाटावर एक नट उरलेला दिसला. टॉर्क आर्मचा! पोटात गोळाच आला.

ब्रेक लागला की फिरता ड्रम शूसकट पॅनेललाही आपल्याबरोबर ओढतो. पॅनेलला मागच्या चिमट्याशी धरून ठेवते ती ही साधी पट्टी. ती सुटली तर पॅनेल फिरतं, ब्रेक रॉड गुंडाळला जातो, चाक जाम होऊ शकतं. तेही नेमकं ब्रेक दाबल्यावर!

नट कसला, नवी स्प्लिट पिन घातली. पेडलचा फ्री प्ले 20 ते 30 मिमी ठेवला, चाक हाताने फिरवून पाहिलं. नवे लायनर ड्रमला लगेच पूर्ण टेकत नाहीत, म्हणून आधी मीच मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत दहा-बारा वेळा हलका ब्रेक मारला. मगच किल्ली मामांना दिली.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये गाडी खोलणाऱ्यांनो, काढलेला प्रत्येक नट मेसच्या ताटलीत ओळीने ठेवा. ताटली रिकामी झाल्याशिवाय किक मारू नका. परीक्षेत टॉर्क आर्म काढायचा राहिला तर एखादा मार्क जातो. इथे मामा गेले असते!