मोठ्या रेशोचा गैरसमज

येरवड्यात जेल रोडपासून आळंदी रस्त्यापर्यंत कोणत्याही गॅरेजात मोटारीच्या फेरबदलाचा विषय निघाला, की एक वाक्य इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कुणालाही वाटत नाही: ‘डिफला मोठा रेशो टाका, पाव मैलात गाडी उडेल.’ आपली सारी बचत इंजिनावर खर्च केलेल्या तरुणांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे निरसन करणे आता मला कर्तव्य वाटते. कारण या एका समजुतीपायी चांगले टायर, चांगली इंजिने आणि कष्टाचा पैसा व्यर्थ जातो.

डिफ म्हणजे डिफरन्शिअल; त्यातील क्राऊन या मोठ्या दातेरी चक्राच्या दातांना पिनियन या लहान चक्राच्या दातांनी भागले म्हणजे रेशो मिळतो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर रेशो ४.१. चाकाशी पोहोचणारा टॉर्क त्या पटीने वाढतो, फेरे त्याच पटीने घटतात, आणि अश्वशक्ती तीळभरही वाढत नाही. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. विसर पडतो तो या गोष्टीचा, की चाकाला मिळणारी पट एकट्या डिफची नसून चालू गिअर आणि डिफ यांच्या गुणाकाराची असते.

उदाहरणादाखल मागील चाकांवर चालणारी एक मोटार घेऊ. तिचे चार गिअर अनुक्रमे ३.५, २.०, १.४ आणि १.०, टायरचा परीघ १.८१ मीटर, इंजिनाची मर्यादा मिनिटाला ६,५०० फेरे. ४.५ रेशो लावला तर पहिला गिअर ताशी ४५ किलोमीटरला संपतो, दुसरा ७८ ला, तिसरा ११२ ला. ३.६ लावला तर हेच आकडे ५६, ९८ आणि १४० होतात. आता ४५ ते ५६ या टप्प्याकडे पाहावे: मोठ्या रेशोची मोटार दुसऱ्या गिअरमध्ये गेलेली असल्यामुळे तिची एकूण पट ९ उरते, तर लहान रेशोची मोटार अजून पहिल्यातच असून तिची पट १२.६ असते. ७८ ते ९८ दरम्यान ६.३ विरुद्ध ७.२. आणि ११२ च्या पुढे, जिथे शर्यतीचा निकाल लागतो, तिथे मोठ्या रेशोला चौथा गिअर टाकावा लागून पट ४.५ वर येते, आणि लहान म्हणून हिणवलेला रेशो तिसऱ्यातच ५.०४ ने ओढत राहतो. शिवाय त्याचा एक गिअर-बदलही वाचतो. मधल्या टप्प्यांत मोठा रेशो सरस ठरतो, हे मी नाकारत नाही. पण ‘जितका मोठा तितका जलद’ हा सिद्धांत एवढ्या साध्या गुणाकारापुढेही टिकत नाही!

राहिला प्रारंभ. तिथे पहिल्या गिअरमधली मोठ्या रेशोची १५.७५ ही पट लहानाच्या १२.६ हून मोठी आहे खरी, परंतु १२.६ वरच चाके जागच्या जागी फिरत असतील, तर अधिक टॉर्कचा धूर होतो, वेग होत नाही. शंका असेल त्याने थॉमस गिलेस्पी यांचा वाहन-गतिशास्त्रावरील १९९२ सालचा ग्रंथ पाहावा; शक्तीने मर्यादित झालेले त्वरण आणि पकडीने मर्यादित झालेले त्वरण हा भेद त्यात स्वतंत्रपणे मांडला आहे.

मग रेशो निवडावा कसा? पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, अंती आपल्या मोटारीचा वेग प्रत्यक्ष मोजावा. हा वेग मुख्यतः शक्ती आणि वजन यांवर ठरतो, रेशोने तो फारसा हलत नाही. समजा तो ताशी १३५ किलोमीटर आहे, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे १,२४३ फेरे. रेषा ओलांडताना इंजिन शक्तीच्या शिखराच्या किंचित पुढे आणि मर्यादेच्या आत असावे, म्हणून ६,२५० फेरे धरावेत; त्यांना १,२४३ ने आणि तिसऱ्या गिअरच्या १.४ ने भागले की ३.५९ येतो. उत्तराच्या जवळचा जो संच बाजारात मिळेल, तो घ्यावा.

आता किरकोळ समजुती.

‘प्रत्येक गाडीचे डिफ बदलता येते.’ पुढील चाकांवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत ते गिअरबॉक्सच्याच पोटात असते; गिअरबॉक्स उतरवून उघडल्याखेरीज रेशो बदलत नाही.

‘लिमिटेड स्लिप बसवले की रेशोचे काम झाले.’ ते दोन चाकांतील टॉर्कची वाटणी सांभाळते. रेशोशी त्याचा संबंध नाही.

‘टायर मोठे घातल्याने हिशेब बिघडत नाही.’ व्यास पाच टक्के वाढला तर ४.५ चा रेशो ४.२९ सारखा वागतो.

‘रेशोचा परदेशी तक्ता जसाच्या तसा वापरावा.’ पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. इथल्या विरळ हवेत टर्बो नसलेले इंजिन पूर्ण शक्ती देत नाही.

‘स्पीडोमीटर खरेच बोलतो.’ तो गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर ३.६ च्या जागी ४.५ टाकल्यावर खऱ्या ८० ला १०० दाखवील.

शेवटची समजूत सर्वांत घातक: ‘रात्री रस्ता मोकळाच असतो.’ राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे शेजारच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. ती शर्यत नव्हती, तरी मोकळ्या वाटणाऱ्या रस्त्यावर कोण असते, हे त्या रात्रीने येरवड्याला दाखवले. पाव मैल धावण्यासाठी अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही शर्यत भरत आली आहे. वेग तिथे मोजावा, हिशेब घरी करावा, आणि मगच डिफच्या बोल्टला पाना लावावा.