गडी टिकत नाही, की आपण टिकू देत नाही?

कोकणात दोन बागायतदार भेटले की आंब्याच्या भावाआधी गड्याचे बोलणे निघते. मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. आपल्या मोहल्ल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. मुलगा शिकला की मुंबई, नाहीतर दुबई, दोहा, कुवेत. मागे राहतात आई, बायको आणि कलमांची बाग.

ही रिकामी जागा मुख्यतः नेपाळी माणसाने भरली. १९५० च्या करारामुळे त्याला इकडे यायला व्हिसा लागत नाही. पाऊस सरला की बेणणी, मग मोहोरावर फवारणी, माकडांपासून राखण, झेल्याने तोडणी, पेट्या भरणे. सारे त्याच्याच हातून होते. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे इथल्या नौकांवरही बाहेरचे खलाशी असतात. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, पण खलाशी आले नाहीत तर नौका किनाऱ्यालाच.

मालकांची तक्रार खोटी नाही. उचल घेऊन गडी ऐन हंगामात दुसऱ्याच्या बागेत जातो, तेव्हा नुकसान खरेच होते. पण उचल देऊन माणूस बांधून घेता येतो, हा समजच मुळात चुकीचा आहे. हिशेब हंगाम संपेपर्यंत अडकवायचा, ओळखपत्र स्वतःकडे ठेवायचे, आजारपणाचे दिवस कापायचे, अशाने तो बांधला जात नाही, पळायची वाट बघतो.

आणि हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवे. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, पगार दोन-दोन महिने थकलेला, हे आपल्याच घरांनी सोसले आहे. तिकडेही आता बदल होत आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली. २०२१ पासून किमान वेतन १००० रियाल ठरवले, आणि मालक राहण्याजेवण्याची सोय करत नसेल तर त्यासाठी ८०० रियाल वेगळे. अंमलबजावणीच्या तक्रारी आहेतच. तरी गल्फमधल्या भावासाठी आपण जे मागतो, ते आपल्या बागेतल्या माणसाला द्यायला काय हरकत आहे? घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद तर आपण जुम्म्याच्या बयानात वर्षानुवर्षे ऐकतो!

पगाराइतकाच प्रश्न राहण्याचा आहे. बागेतल्या पत्र्याच्या खोलीत एका कोपऱ्यात चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात फवारणीची औषधे, असे चित्र अजून दिसते. औषधांना वेगळी कुलपाची जागा, एक संडास, दिव्याची सोय. एका हंगामाच्या नुकसानीपुढे हा खर्च फार नाही.

मग मुले. हल्ली गडी बायको-मुलांसह येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवावे लागते. आईबापांना हे माहीत नसते, भाषेची अडचण असते. पटसंख्येअभावी गावची शाळा बंद पडण्याच्या भीतीत असताना ही मुले बागेत फिरत राहतात. जमातीतल्या कुणी एकाने त्यांना हाताला धरून शाळेत नेले, तर मुख्याध्यापकही नाही म्हणणार नाहीत. एकदा मूल शाळेत रुळले की बापही पुढच्या हंगामात दुसरे गाव शोधण्याआधी दोनदा विचार करतो.