व्यवसाय मार्गदर्शन व कृत्रिम बुद्धिमत्ता

विद्यार्थ्याची आवड, अभिक्षमता, शालेय प्रगती व कौटुंबिक परिस्थिती यांची शिक्षणाच्या व रोजगाराच्या उपलब्ध संधींशी सांगड घालून त्याला स्वतःचा मार्ग निवडण्यास साहाय्य करणे, यास व्यवसाय मार्गदर्शन म्हणतात. त्यातील माहितीची तुलना व शिफारस ही कामे, असंख्य नोंदींवरून स्वतःच नियम शोधणाऱ्या संगणक प्रणालीकडे सोपविणे म्हणजे मार्गदर्शनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होय.

इतिहास : फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे स्थापन केलेल्या केंद्रापासून या शास्त्राचा पद्धतशीर आरंभ मानतात. स्वतःची ओळख, व्यवसायांचे ज्ञान आणि या दोहोंच्या संबंधाचा तर्कशुद्ध विचार ही त्यांची त्रिसूत्री आजही आधारभूत आहे. ई. के. स्ट्राँग यांची अभिरुची चाचणी १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये व्यक्तिमत्त्व व व्यवसाय यांचे सहा प्रकारांत वर्गीकरण मांडले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत संगणकाशी संवाद साधून मार्गदर्शन घेण्याच्या प्रणाली वापरात आल्या. मात्र त्या आधी लिहून ठेवलेल्या नियमांनुसारच चालत.

भारतात पारशी पंचायतीने १९४७ मध्ये मुंबईत मार्गदर्शन केंद्र सुरू केले व १९५० मध्ये मुंबई सरकारनेही असे केंद्र स्थापन केले. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) शाळांतील मार्गदर्शनाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी संगणकावर घेण्यात आली. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य व जैविक विज्ञाने, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांतील कल तीत पाहिला जाई.

कार्यपद्धती : अशा प्रणाली मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे गुण, चाचण्यांची उत्तरे, निवडलेले अभ्यासक्रम व पुढील वाटचाल यांच्या नोंदींतून साम्ये शोधली जातात आणि नव्या विद्यार्थ्याशी जुळणाऱ्यांनी जे केले ते त्याला सुचविले जाते. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः २०२२ नंतर सर्वत्र पोचलेल्या भाषाप्रतिमानांद्वारे, विद्यार्थी आपल्या भाषेत प्रश्न विचारतो व प्रणाली उत्तर रचते. पहिलीचे उत्तर संभाव्यतेचे असते. दुसरीचे उत्तर ओघवते असले, तरी प्रवेशाची अट, शुल्क वा अंतिम तारीख चुकीची सांगितली जाण्याचा धोका असतो.

कर्जत–खालापूरचे उदाहरण : रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील या दोन तालुक्यांत अशा प्रणालीची कसोटी स्पष्ट दिसते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये व कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. खोपोली परिसरात पोलाद व रसायने यांचे कारखाने उभे राहिले. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, माथेरानला पर्यटन आहे, आणि लोकल गाडीमुळे सुमारे दोन तासांवरील मुंबईही रोजगाराच्या कक्षेत येते. म्हणजे जोडारी, वीजतंत्री, कृषी साहाय्यक, उपाहारगृह व्यवस्थापन असे अनेक मार्ग जवळ आहेत. केवळ महानगरांतील नोंदींवर तयार झालेल्या प्रणालीस ते दिसतीलच असे नाही.

याच तालुक्यांत ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतात; त्यामुळे मुलांची शाळा खंडित होते. प्रमाण मराठीतील प्रश्न नीट न उमगल्याने आलेले कमी गुण अभिक्षमतेचा अभाव म्हणून नोंदले जाऊ शकतात. जो व्यवसाय कधी पाहिलाच नाही त्याची आवड चाचणीत उमटत नाही. तसेच एखाद्या वाडीतील मुली पूर्वी तांत्रिक शिक्षणाकडे गेल्या नसतील, तर प्रणाली पुढच्या मुलीलाही तो मार्ग सुचविणार नाही. अशा रीतीने पूर्वी न मिळालेली संधी ही पुढे न मिळण्याचे कारण ठरते. हा दोष काल्पनिक नाही : ॲमेझॉन कंपनीची नोकरभरतीची प्रायोगिक प्रणाली जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर घडल्याने स्त्रियांना डावलत असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले.

मर्यादा व दक्षता : शिफारशीची कारणे विद्यार्थ्यास समजतील अशा भाषेत सांगितली जावीत, एका व्यवसायाऐवजी अनेक पर्याय व प्रत्येकाचा खर्च, अंतर आणि शिष्यवृत्ती दाखविली जावी, आणि शिफारस नाकारण्याची वा चाचणी पुन्हा देण्याची मुभा असावी, असे सामान्यतः मानले जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केलेल्या भारतीय अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरते.

मुलाचे घर, बोली व स्थलांतराचे वेळापत्रक जाणणारा शिक्षक, आश्रमशाळेचा अधीक्षक किंवा समुपदेशक यांचे कार्य या साधनाने संपत नाही. माहिती जमविण्यातील त्यांचा वेळ ते वाचविते. त्या वेळात कारखाना, शेत, रुग्णालय वा कार्यशाळा प्रत्यक्ष दाखविणे आणि पालकांशी बोलणे शक्य होते. अंतिम निवड विद्यार्थ्याचीच राहते, हे पार्सन्स यांच्या काळापासूनचे तत्त्व येथेही लागू आहे.